कोर्बिनियनने खोडलेली लाट

हुसुम, फेब्रुवारीचा पहिला आठवडा

तीर्थरूप काइके मावशीस,

मोमेचा वाकून नमस्कार. (खरोखरच वाकलो होतो, पेन टेबलाखाली गेलं म्हणून. वाकलोच आहे तर नमस्कारही करून घेतला, पण तो मनापासूनचा आहे.) तुझा गुडघा काय म्हणतो? बिशप मेंढा अजून पोस्टमनच्या मागे लागतो का? जानेवारीत बेटाने दोनदा बुडी मारली, टेकाडावरची घरं तेवढी पाण्याबाहेर राहिली, असं रेडिओवर ऐकलं, तेव्हापासून विचारायचं होतं की गोड्या पाण्याच्या तळ्यात खारं पाणी तर नाही ना शिरलं. मी इथे खिडकीशी बसून नखं खात होतो, आणि तू बहुतेक चुलीपाशी बसून पिठाचा पुडिंग-गोळा फडक्यात बांधत असशील. फोन केला तर तू म्हणालीस, "पाणी आलं, पाणी गेलं. बरं, ठेवते." मावशी, तुझ्याशी फोनवर बोलणं म्हणजे चालत्या बोटीत उडी मारण्यासारखं आहे, पाय टेकायच्या आत बोट पुढे गेलेली असते. म्हणून पत्र. पत्र मध्येच ठेवता येत नाही. (येतं, पण तू ठेवणार नाहीस, कारण तुझा चष्मा शोधायला तुला अर्धा तास लागला असेल आणि तो तू वाया घालवणार नाहीस.)

आधीच सांगून टाकतो, हे पत्र मला टाडेने लिहायला लावलंय. आपला टाडे, माझा मावसभाऊ आणि तुझा दुसरा भाचा, विम्याचा धंदा करून करून आता त्याला सूर्यप्रकाशातसुद्धा धोका दिसतो. तुझ्यासाठी त्याने हुसुममध्ये जो फ्लॅट बघून ठेवलाय तो मी जाऊन पाहिला. लिफ्ट आहे, न्हाणीघरात धरायला दांडे आहेत, आणि खिडकीतून एका दुकानाचं गाड्या लावायचं आवार दिसतं. टाडे म्हणतो, वसंतात किनारा-खात्याचे लोक ठरवणार आहेत की तुझ्या घराखालचं टेकाड भर घालून उंच करायचं की नाही. आणि ज्या बेटाचं कुरण वाढतच नाही तिथे ते माती ओतणार नाहीत. तेव्हा त्यांनी नाही म्हणण्याआधी आपणच हो म्हणून निघावं. ईस्टरपर्यंत त्याला उत्तर हवंय. "तू लेखक आहेस ना," मला म्हणाला, "मग लिही की काहीतरी. रडव तिला, पण हो म्हणव." मी म्हटलं लिहितो. तर हे मी लिहितोय. पण मध्ये एक फार लांबचं वळण आहे, तेव्हा तू आधी चहा कर.

त्याचं असं झालं. आमच्या हॅम्बुर्गच्या प्रकाशिका ओस्टरकाम्प बाई (त्यांनी आजवर समुद्र फक्त हॉटेलच्या गच्चीवरून पाहिलाय, पण त्याच्याविषयी त्यांची मतं पक्की आहेत) मला म्हणाल्या की लोक आता खुनांना कंटाळले. मला वाईट वाटलं. मी इतकी वर्षं आपल्या किनाऱ्यावरच्या प्रत्येक बेटावर कुणाला ना कुणाला मारलंय. तुझ्या बेटावरही, आठवतं ना, ज्या पशुवैद्याला मारलं तो तुला आवडायचा म्हणून तू ख्रिसमसपर्यंत माझ्याशी बोलली नव्हतीस. तर बाई म्हणाल्या, आता समुद्र आणि हवामान हवं. बदललेला समुद्र, बुडणारी माणसं, भरपूर अश्रू, पण सगळं खरं वाटलं पाहिजे. "फेडरसन, मागच्या पुस्तकात तुमची ओहोटी दिवसातून एकदाच येत होती. वाचकांची पत्रं आली." म्हणून त्यांनी माझ्याबरोबर एक शास्त्रज्ञ जोडून दिला. शाळेत मस्ती करणाऱ्या पोराशेजारी हुशार पोराला बसवतात ना, तसं.

त्याचं नाव डॉक्टर कोर्बिनियन आयग्नर. मावशी, तो बव्हेरियाचा आहे! डोंगरातला! शिंगाची बटणं असलेला लोकरीचा हिरवा कोट घालतो आणि सगळ्यांना त्याच्या गावच्या रीतीने "देवाला नमस्कार सांगा" म्हणतो. बंदरावरच्या कोळंबीवाल्याला म्हणाला, तर तो म्हणाला, "दिसला तर सांगेन." आयग्नर बिचारा आभार मानून पुढे गेला. त्याला पोहता येत नाही. बोट धक्क्याला बांधलेली असतानाच त्याचा चेहरा कोबीसारखा होतो. आणि हा माणूस समुद्राचा गाळ मोजतो! मी त्याला पहिल्याच भेटीत विचारलं, "डॉक्टर, तुम्ही डोंगर सोडून इकडे कुठे?" तो म्हणाला, "आमच्या गावावरचा बर्फ दरवर्षी कमी होतो. उन्हाळ्यात त्याच्यावर पांढऱ्या गोधड्या पांघरतात, तरी वितळतो. लहानपणी मला कुणी सांगेना की ते पाणी जातं कुठे. म्हणून बघायला आलो." एवढं बोलून त्याने हेरिंग माशाच्या पावातला कांदा बाजूला काढला. मला तो तिथेच आवडला, पण मी तसं दाखवलं नाही, कारण तोवर त्याने माझं हस्तलिखित वाचायला घेतलं होतं.

माझ्या पहिल्या पानावर लाट होती. साधीसुधी नव्हे, हॅम्बुर्गच्या चर्चच्या मनोऱ्यावरून जाणारी लाट, आणि तिच्या टोकावर एक देवमासा. (देवमाशाच्या डोळ्यात अश्रू होता. माझा मला अभिमान वाटला होता.) कोर्बिनियन लाल पेन वापरत नाही. त्याच्याकडे बोटभर लांबीची पेन्सिल आहे, आणि तो समासात मुंगीएवढ्या अक्षरांत एकच शब्द लिहितो : का?

"ही लाट कुठून आली, फेडरसन साहेब?"

"समुद्रातून, डॉक्टर."

"समुद्राला कुणी सांगितलं?"

मी म्हटलं, हवामान बदललं म्हणून आली. तो म्हणाला, हवामान बदललं म्हणून मनोऱ्याएवढी लाट येत नाही. समुद्र दरवर्षी नखाच्या जाडीइतका चढतो, आणि मग एखाद्या वादळात तेवढाच जास्त आत येतो, आणि मग पुढच्या वादळात आणखी थोडा. मी म्हटलं, नखाच्या जाडीने कोण रडेल? तो म्हणाला, "मी रडतो." आणि लाट खोडली. दुसऱ्या भेटीत ती बंधाऱ्याएवढी झाली, तिसऱ्या भेटीत कमरेएवढी. आता पहिल्या प्रकरणात हुसुमच्या एका तळघरात बटाट्यांच्या पोत्याखाली ओल येते. बस. देवमासाही गेला, त्याच्या जागी शिंपले आले. परक्या जातीचे, गरम पाण्यात फोफावलेले, आपल्या इथल्या कालवांच्या उरावर बसणारे. शिंपल्याच्या डोळ्यात अश्रू आणता येत नाही. मी प्रयत्न केला.

खलनायकाचंही तेच. मी तेलाच्या विहिरींचा एक धनाढ्य मालक केला होता, हातात काठी, काठीला चांदीची मूठ. कोर्बिनियनने त्याला पूर्ण वाचलं आणि म्हणाला, "माणूस म्हणून चांगला वाईट आहे. पण कारण म्हणून पुरत नाही. कारणात आपण सगळे यायला हवेत. तुमची गाडी कुठली?" मी गाडी कुठली ते सांगितलं आणि विषय बदलला. नायिका माझी समुद्रशास्त्रज्ञ होती, ओल्या केसांनी वादळात डेकवर धावायची आणि ओरडायची. तो म्हणाला, आमच्यात कुणी ओरडत नाही. आम्ही 'शक्य आहे' म्हणतो, फार घाबरलो तर 'बरंच शक्य आहे' म्हणतो, आणि 'जवळजवळ नक्की' म्हटलं की समजावं घरी जाऊन दार लावून घ्यायची वेळ आली. आणि धावायचं म्हणाल तर, ती आधी बोट मिळावी म्हणून अर्ज करेल. दीड वर्ष वाट बघेल. मग बोट मिळेल आणि तिला ओकाऱ्या होतील. मी म्हटलं, डॉक्टर, ही तुमची कथा झाली. तो लाजला. (मी ते प्रकरण त्याच्या सांगण्याप्रमाणे लिहिलं. अर्ज करण्याचं. लिहिताना माझाच डोळा लागला आणि टेबलावर डोकं आपटलं. टेंगूळ अजून आहे.)

तू म्हणशील, एवढे नाकी नऊ आले होते तर सोडून का नाही दिलंस? खरं सांगू, मला मजा यायला लागली होती. दर गुरुवारी आम्ही बंदरावरच्या त्या बुटक्या चहाच्या दुकानात बसायचो, तो माझी लाट खोडायचा आणि मी त्याला शिकवायचो की इथे कुणी भेटलं की नमस्काराचं 'मोइन' एकदाच म्हणायचं, दोनदा म्हटलं की माणूस वाचाळ ठरतो. त्याला मी पहिल्यांदा आपली क्रीमवाली कॉफी पाजली तेव्हा क्रीमखाली रम असते हे सांगायचं राहून गेलं. (राहून गेलं असं मी त्याला सांगितलं.) एरवी 'शक्य आहे'च्या पुढे न जाणारा माणूस, त्या दिवशी म्हणाला की आपला उथळ समुद्र ही जगातली सर्वांत सुंदर गोष्ट आहे, जवळजवळ नक्की. मग त्याने मला समजावलं की बेट बुडतं म्हणजे मरत नाही. उलट. पाणी कुरणावर चढतं तेव्हा ते गढूळ असतं, आणि उतरताना गाळ ठेवून जातं. तोच गाळ गवत धरून ठेवतं, आणि जमीन तेवढी वर येते. म्हणजे तुमची बेटं बुडतात म्हणूनच उरतात, फेडरसन साहेब! बुडायची थांबली तर संपली. मावशी, मी तुझ्या हाताखाली त्या बेटावर वाढलो, आई गेल्यावर तू मला मेंढरांबरोबर दूध पाजून मोठं केलंस, शेकडो बुड्या पाहिल्या. पण त्या बव्हेरियन माणसाच्या मिशीला क्रीम लागलेली असताना मला पहिल्यांदा वाटलं की समुद्र आपल्याकडे काही न्यायला येत नव्हता. घाबरायचं कारण नव्हतंच असं नाही. पण तो हातात काहीतरी घेऊन येत होता.

आणि नेमकं तिथेच माझं घोडं अडलं. कारण माझ्या कादंबरीत एक म्हातारी आहे. तुला राग येईल, पण ती तूच आहेस. नाव बदललंय, गुडघा दुसरा केलाय. ती बेटावर एकटी राहते, तिचा भाचा शहरात राहतो आणि तिला फोन करतो आणि ती "बरं, ठेवते" म्हणते. मी शेवट लिहिला होता की ती राहते. पाणी येतं, पाणी जातं, ती राहते. कोर्बिनियनने तो शेवट वाचला आणि पेन्सिल खाली ठेवली. मग विचारलं, हे बेट कुठलं? मी म्हटलं, ओस्टरहूग, माझ्या मावशीचं. तो म्हणाला, "मग तिला जावं लागेल." मी म्हटलं, का? (त्याचाच शब्द.) तो म्हणाला, सगळी बेटं थोडी थोडी वाढताहेत, फक्त ओस्टरहूग नाही. चार हिवाळे आम्ही तिथे मोजतोय. शून्य. पाणी चढतं, उतरतं, आणि काहीच ठेवून जात नाही. का ते कुणालाच कळत नाही.

टाडेला हे कुठून कळलं होतं ते मला तेव्हा कळलं. किनारा-खात्याच्या हातात हेच आकडे आहेत.

मावशी, मी तिथे, सगळ्या दुकानासमोर रडलो. पन्नाशी उलटलेला माणूस, पुढ्यात पेस्ट्री, आणि रडतोय. कोर्बिनियनने खिशातून हातरुमाल काढून दिला, तर त्यात दगडाचे नमुने निघाले. तो म्हणाला, "मी खोटं लिहू देऊ शकत नाही हो. पण तुम्ही हळूहळू लिहा. ती लगेच जायला नको. वसंतातले हंस येऊन जाईपर्यंत राहू दे तिला." मग त्याने मला धीर द्यायला म्हणून त्याचं मोठं काम दाखवायचं ठरवलं. या न वाढणाऱ्या कुरणाला त्यांच्या जगात 'ओस्टरहूगचा अपवाद' म्हणतात. त्यावर त्याने एक लांबलचक निबंध लिहिलाय. डेन्मार्कचा एक विद्वान म्हणतो की तुझ्या बेटाभोवती एक गुप्त प्रवाह फिरतो; एक डच विद्वान म्हणतो की प्रवाह नाही, वारा; दोघं दोन वर्षं एकमेकांशी बोलत नाहीत. कोर्बिनियनने बाणांचं एक चित्र काढलंय, त्यात तुझं घर म्हणजे एक टिंब आहे आणि सगळे बाण त्याला वळसा घालून जातात. मी चित्र पाहून म्हटलं, बरोबर आहे, मीही तसाच जातो तिच्यापासून, ती चिडलेली असली की.

तर गेल्या आठवड्यात मी त्याच्या संस्थेत गेलो. तिथे एक थंड खोली आहे, त्यात फळ्यांवर प्लॅस्टिकच्या हिरवळीचे चौकोनी तुकडे रचून ठेवलेत. बाल्कनीत अंथरतात तसली हिरवळ. हे तुकडे खिळ्यांनी कुरणावर ठोकून ठेवतात, बेट बुडून वर आलं की त्यात किती गाळ अडकलाय तो वाळवून तोलतात. झालं, एवढंच शास्त्र. प्रत्येक बेटाची वेगळी फळी. एका फळीवरचे तुकडे चिखलाने लडबडलेले, वास असा की डोळ्यांना पाणी. दुसरीवरचेही तसेच. आणि कोपऱ्यात ओस्टरहूगची फळी. तिथले तुकडे हिरवेगार. पात्यापात्यातून स्वच्छ. कोर्बिनियन माझ्या शेजारी हात मागे बांधून उभा होता, एखाद्या समाधीपाशी उभं राहावं तसा, आणि हळूच म्हणाला, "बघा. कणसुद्धा नाही."

मी एक तुकडा उचलला आणि नाकाशी नेला. का नेला कोण जाणे.

मऊ हिरव्या साबणाचा वास, मावशी. तुझ्या न्हाणीघराचा. ज्या साबणाने तू मला घासायचीस, लाकडी जिना घासायचीस, मेंढ्यांची बादली घासायचीस, तो वास. माझे डोळे पुन्हा भरले. कोर्बिनियनला वाटलं मला विज्ञानाने गहिवरून आलं, त्याने माझ्या पाठीवर हात ठेवला. मग मी तुकडा उलटा केला. आणि कडेला, जिथे प्लॅस्टिकचे धागे सुटतात (आणि मेंढ्या ते खातात, नाही का?), तिथे चारी बाजूंनी लाल सुताने गोधडीचा टाका घातलेला होता. बारीक, सारखा, कोपऱ्यावर दोनदा वळवलेला. तो टाका मला माहीत नाही असं होईल का? माझ्या शाळेच्या सगळ्या मोज्यांना तो होता!

"हे कुणी शिवलं, डॉक्टर?" मी विचारलं.

"कारखान्यातून तसेच येत असतील," तो म्हणाला.

मग मला सगळं दिसलं, जणू मी तिथे होतो. त्याची माणसं बोटीने येतात, वाऱ्याने गारठलेली. (तो स्वतः कधीच येत नाही, त्याच्या पोटामुळे. नाहीतर चार वर्षांपूर्वीच उलगडा झाला असता.) तू त्यांना आत घेतेस, चहा देतेस, प्लमच्या मुरंब्याचा केक देतेस, आणि म्हणतेस, कशाला कुरणात चिखल तुडवता, मी काढूनच ठेवलेत तुमचे. आणि धुऊन, वाळवून, शिवून, दोरीने बांधलेला गठ्ठा त्यांच्या हाती देतेस. कारण ओस्टरहूगवर दुसऱ्याची वस्तू घाणेरडी परत केलेली बासष्टच्या पुरातसुद्धा कुणी ऐकली नाही. आणि ती माणसं केक खाऊन, तृप्त होऊन परत जातात, आणि आपण कुरणात गेलोच नाही हे साहेबाला कशाला सांगतील?

मावशी, तुझ्या ब्रशामुळे एक डेन आणि एक डच एकमेकांशी बोलत नाहीत!

आता पेच बघ. हसू येत होतं, आणि पाचावर धारणही बसली होती. हे सांगितलं तर या माणसाचा निबंध, बाण, चार हिवाळे सगळं साबणाच्या पाण्यात गेलं. नाही सांगितलं तर तुझं घर गेलं. मी त्याला बाहेर नेलं, कोळंबीचा पाव घेऊन दिला, तो खाऊन होईस्तोवर हवापाण्याच्या गप्पा मारल्या, आणि मग सांगितलं. एका दमात. साबण, टाका, केक, सगळं. सांगून होईपर्यंत मी बंदराकडेच बघत होतो.

समुद्रपक्षी येऊन त्याच्या हातातला कागद घेऊन गेला, तरी त्याने हात तसाच धरलेला. मग म्हणाला, "ब्रश कडक की मऊ?"

"कडक," मी म्हटलं. "मुळांपर्यंत जाते ती."

"म्हणजे शून्य खरोखरच शून्य नाही."

"नाही."

"म्हणजे कुरण वाढत असेल."

"तुम्हीच सांगा, डॉक्टर."

आणि मावशी, त्या गोल, लाल, अपमान झालेल्या चेहऱ्यावर हसू आलं. असं हसू मी गेली दोन-चार वर्षं माणसाच्या चेहऱ्यावर पाहिलं नाही. निबंध गेल्याचं दुःख असेल, असणारच, चार वर्षं म्हणजे काही थोडं नाही, पण तो म्हणाला, "मला ते बेट बुडायला नकोच होतं हो. मी फक्त जे दिसलं ते लिहिलं." मग त्याने डोळे पुसले आणि हात पुढे केला. "मी कोर्बिनियन," म्हणाला. मीही हात दिला, "मी मोमे." तेव्हापासून आम्ही अरे-तुरे करतो. इतके महिने अहो-जाहो करून झाल्यावर मला अजून थोडं संकोचल्यासारखं होतं, तो मात्र फार खूश आहे.

मी लगेच विचारलं, "मग माझी म्हातारी राहते ना?" तर पुन्हा पेन्सिल काढली! म्हणाला, "शक्य आहे." मी म्हटलं, अरे मित्रा, निदान बरंच शक्य आहे म्हण! नाही. शक्य आहे. पुढे बोलायला त्याला हातात काहीतरी हवंय. असा माणूस आहे बघ, मैत्री झाली म्हणून एक अंश वर सरकत नाही. रागही येतो आणि विश्वासही वाटतो.

तर टाडेचा निरोप तुला पोचला. लिफ्ट आहे, दांडे आहेत, गाड्यांचं आवार आहे, ईस्टरपर्यंत उत्तर हवंय. मी माझं काम केलं. फ्लॅटमध्ये खरंच ऊब आहे, हे सांगायला हवं, नाहीतर टाडे म्हणेल मोमेने फक्त वाईट लिहिलं. तुला जायचं असेल तर जा, मी सामान उचलायला येईन, बिशपलाही पोत्यात घालून आणीन. पण तुला जायचं नसेल, तर शून्य बघून जाऊ नकोस. ते शून्य तुझं स्वतःचं आहे.

गुडघ्याला उबदार पट्टा बांधत जा. एकवीस तारखेला हिवाळा घालवायची आपली होळी पेटवतात, तेव्हा एकटी टेकाड उतरू नकोस, शेजारच्या ब्रारला हात धरायला सांग.

तुझाच,
मोमे

ता.क. आता ज्यासाठी हे सगळं लिहिलं ते. मावशी, हात जोडतो, पुढच्या बुडीनंतर ते तुकडे धुऊ नकोस. काढूही नकोस. त्यावर चिखल असेल, शेवाळ असेल, हंसांची घाण असेल, असू दे. मला माहीत आहे तुला काय होईल. परक्याची वस्तू आपल्या कुरणात लडबडून पडलीय आणि आपण घरात बसलोय, या विचाराने तुझी झोप उडेल. पडदा ओढून घे. विणायला घे. कुणी काही म्हणालं तर माझ्यावर ढकल.

ता.क. दुसरा. कोर्बिनियन या खेपेला तुकडे न्यायला स्वतः येणार आहे. बोटीने. त्याने ते स्वतःहून म्हटलंय आणि म्हणतानाच तो कोबीसारखा झाला होता. त्याला आल्या आल्या केक देऊ नकोस, अर्धा तास थांब. तो तुझी माफी मागेल, की तुला इतकी वर्षं टिंब समजलो. तू उलट माफी मागू नकोस, नाहीतर दोघं दारातच उभे राहाल आणि पाणी चढेल.

ता.क. तिसरा, आणि हा नीट वाच. मावशी, मी तुला ओळखतो. आता सगळं कळल्यावर तू रबरी बूट घालशील, चमचा घेशील, आणि खाडीतला चिखल आणून त्या तुकड्यांवर थापशील. थापू नकोस! त्याला थर ओळखता येतात. समुद्र आणेल तेवढाच. भरपूर आणला तर तो टाडेच्या टेबलावर मी स्वतः नेऊन ठेवीन, ओलाच. आणि थोडाच आणला, तर थोडा. मग तुला समजवायला टाडेने दुसरा लेखक शोधावा, कारण मी तोवर तुझ्याकडे राहायला आलेलो असेन, निम्मं सामान बांधून झालंय. वरच्या खोलीतल्या गादीला ऊन दाखवून ठेव.